सोसायटी पुनर्विकासाला निघाली. अंगणातल्या बारमाही भाज्या कशा हलवाल?

मुंबईतल्या मरोळमध्ये मरोळ-मरोशी रस्ता, विजयनगर, मिलिटरी रोड, भवानीनगर या पट्ट्यातल्या जुन्या, बैठ्या इमारती एकामागून एक पुनर्विकासाला चालल्या आहेत. या इमारतींच्या मागच्या बाजूला, कुंपणाच्या कडेला आणि बाहेरच्या नळापाशी रहिवाशांनी वर्षानुवर्षं जोपासलेल्या भाज्या असतात. कुठे खोड मनगटाएवढं झालेला कढीपत्ता, कुठे दर पावसाळ्यात फोफावणारा अळू, कुठे जाळीवर चढलेली तोंडली, तर कुठे पहिल्या मजल्यापर्यंत गेलेला शेवगा. घर रिकामं करण्याची तारीख ठरली की सामानाची यादी होते, भाड्याचं घर शोधलं जातं आणि शेवटच्या आठवड्यात कोणाला तरी आठवतं: या झाडांचं काय करायचं?

वाचक याबाबत तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. जुनं झाड हलवलं तर जगतं का? कोणत्या महिन्यात हलवायचं? भाड्याच्या घरात कुंडीत ते राहील का? परवानगी लागते का? सल्ले मात्र उलटसुलट मिळतात. एक जण सांगतो, पावसात काहीही उपटून लावा, जगतं. दुसरा सांगतो, जुनं झाड हललं की संपलंच. दोघांचं म्हणणं काही झाडांपुरतं खरं आहे. तुमच्या अंगणातलं कोणतं झाड कोणत्या प्रकारात मोडतं हे कळलं, तर निम्मं काम झालं.

आधी ठरवा: झाड हलवायचं की त्याचं वाण?

तुम्हाला नक्की काय टिकवायचं आहे? बहुतेक वेळा आपल्याला ते खोड नको असतं, त्या झाडाची चव हवी असते. घशाला न खाजणारा अळू, वासाचा कढीपत्ता, कोवळी भरगच्च लागणारी तोंडली. हे गुण काडीतून, कंदातून, फुटव्यातून जसेच्या तसे पुढे जातात. म्हणून सगळी बाग उपटून नेण्याचा हट्ट धरू नका. भाज्यांची तीन गटांत वाटणी करा.

- कंद किंवा गड्ड्यासकट सहज हलणाऱ्या: अळू, हळद, आलं, सुरण, गवती चहा, पुदिना. यांना जुनं-नवं असा फरक फारसा पडत नाही.
- काडी लावून वाण नेण्याजोग्या: तोंडली, मायाळू, पानओवा, शेवगा. मूळ वेल किंवा झाड उपटण्यात ताकद वाया जाते. काडी हलकी, स्वस्त आणि खात्रीची.
- मुळासकट हलवताना तयारी लागणाऱ्या: कढीपत्ता, बारमाही मिरची, जुनं वांगं. यांची मुळं तुटली की पानं तहानलेली राहतात आणि झाड वरून वाळत येतं. यांच्यासाठी आधी काही आठवडे हाताशी हवेत.

तिसऱ्या गटातल्या झाडांबाबत एक नियम पाळा: झाड हलवण्याआधी त्याचा फुटवा, बी किंवा काडी वेगळी लावून ठेवा. मूळ झाड गेलं तरी वाण हातात राहतं.

कोणत्या महिन्यात काय करावं?

हवामान खात्याच्या नव्या सरासरीप्रमाणे मुंबईत मोसमी पाऊस ११ जूनच्या सुमारास येतो आणि ८ ऑक्टोबरच्या सुमारास परततो. या दोन तारखा डोळ्यांसमोर ठेवून आखणी करा.

- जून अखेर ते जुलै: सर्वांत चांगला काळ. हवेत ओलावा असतो, ऊन कमी असतं, त्यामुळे कमी मुळांवरही झाड तग धरतं. पण सांताक्रूझ वेधशाळेत एकट्या जुलैत सरासरी आठशे मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला जातो. निचरा नसेल तर नव्याने लावलेलं मूळ कुजतं. संततधार सुरू असताना खणू नका. एखाद्या दिवसाची उघडीप साधा.
- ऑगस्ट-सप्टेंबर: हलवायला हरकत नाही. मात्र ऑक्टोबरचं ऊन सुरू होण्याआधी झाडाला किमान चार आठवडे मिळायला हवेत.
- ऑक्टोबर: शक्यतो टाळा. पाऊस गेलेला, ऊन कडक, आणि मुळं अजून रुजलेली नसतात.
- नोव्हेंबर ते जानेवारी: दुसरा चांगला काळ. कुंडीत जाणाऱ्या झाडांसाठी तर पावसाळ्याइतकाच सोयीचा. पाणी मात्र तुम्हाला नेमाने घालावं लागेल. शेवगा आणि तोंडलीच्या काड्या थंडीत उशिरा फुटतात, तेव्हा धीर धरा.
- मार्च ते मे: जमिनीतलं मोठं झाड काढू नका. इमारत याच काळात रिकामी करायची असेल तर जानेवारी-फेब्रुवारीतच काडी, कंद आणि फुटवे कुंडीत घ्या.

पुनर्विकासात तारीख पुढे-मागे होते, हे सगळ्यांनाच माहीत आहे. म्हणून नोटिशीची वाट पाहू नका. विकासकाची निवड झाली की पहिल्या पावसात वाण काढून ठेवायला सुरुवात करा. तारीख लांबली तर नुकसान काहीच नाही. दोन जागी झाड राहील.

कढीपत्ता: घाई करू नये असं झाड

सर्वाधिक प्रश्न याच झाडाबद्दल येतात आणि सर्वाधिक झाडंही याचीच मरतात. कढीपत्त्याचं मुख्य मूळ सरळ खाली जातं. चार-पाच वर्षांचं झाड उपटलं की ते मूळ हमखास तुटतं. पण याच झाडाची आडवी मुळं जमिनीलगत पसरतात आणि त्यांच्यावर फुटवे येतात. तुमचा मार्ग तिथून जातो.

फुटवा काढण्याची पद्धत

१. खोडापासून दीड-दोन फुटांवर उगवलेला, गुडघ्याहून कमी उंचीचा फुटवा निवडा.
२. त्याच्या बुडाची माती खुरप्याने न खणता बोटांनी बाजूला करा. खाली बोटाएवढं जाड, आडवं धावणारं मूळ दिसेल. फुटवा त्याच्याच पाठीवर उभा असतो.
३. फुटव्याच्या खाली केसांसारखी बारीक पांढुरकी मुळं आहेत का पाहा. ती असतील तर फुटवा स्वतःच्या बळावर जगू शकतो.
४. धारदार कातरीने फक्त झाडाच्या बाजूचं आडवं मूळ कापा. दुसरी बाजू तशीच ठेवा. माती परत ओढा आणि पाणी घाला.
५. तीन ते चार आठवडे तिथेच राहू द्या. या काळात फुटवा आपली मुळं वाढवतो. पानं ताजी राहिली आणि शेंड्याला नवं पान आलं की दुसरी बाजू कापून मातीसकट उचला.

एका झाडाचे किमान तीन-चार फुटवे घ्या; सगळेच जगतील असं धरून चालू नका.

बियांचाही उपाय आहे. पावसाळ्याच्या सुमारास कढीपत्त्याची फळं पिकून काळी होतात. गर काढून बी धुवा आणि लगेच पेरा. हे बी वाळवून डब्यात ठेवलं तर काही आठवड्यांतच त्याची उगवण जाते.

झाडच न्यायचं असेल तर

खोड अंगठ्याएवढं, फार तर त्याहून थोडं जाड असेल तरच प्रयत्न करा. मातीच्या गोळ्याची रुंदी खोडाच्या जाडीच्या दहा-बारा पट हवी. म्हणजे खोड ३ सेंटिमीटर असेल तर गोळा ३० ते ३६ सेंटिमीटर. हलवण्याच्या आठ आठवडे आधी झाडाभोवती अर्ध्या वर्तुळात फावड्याने उभा छेद घ्या, खाचेत शेणखत मिसळलेली माती भरा. चार आठवड्यांनी उरलेलं अर्धं वर्तुळ कापा. कापलेल्या मुळांना गोळ्याच्या आतच नवी बारीक मुळं फुटतात आणि तीच पुढे झाडाला जगवतात.

मोठी झाडं तयारीविना आणि नंतरच्या निगेविना हलवली तर काय होतं हे आपल्या भागाने पाहिलं आहे. मेट्रो-३च्या कामासाठी दुसरीकडे नेऊन लावलेल्या झाडांपैकी बरीच मेल्याचं पुढे उघड झालं. तेव्हा ‘क्रेन आणू, उचलू, लावू’ असं कोणी सांगितलं तर मुळांची तयारी कधीपासून सुरू करणार, हे आधी विचारा.

बाकीच्या भाज्या: एकेकीची रीत

- अळू: भाजीचा आणि वडीचा वेगवेगळा काढा, त्यावर चिठ्ठी लावा; पानं छाटल्यावर ओळख पटत नाही. हाताला खोबरेल लावून किंवा हातमोजे घालून काम करा. मधलं गुंडाळलेलं कोवळं पान आणि फार तर एक पान ठेवून बाकीची देठासकट कापा. गड्डा मुळांसह उचला. बाजूची पिल्लं वेगळी करून लावली की एका बेटाची पाच-सहा रोपं होतात. ओलावा आवडत असल्यामुळे रुंद टबात, कमी छिद्रांत चालतो.
- तोंडली: फळ चांगलं लागतं त्याच वेलीची काडी घ्या. या वेलीत नर आणि मादी वेगळी असते, त्यामुळे बियांपासून काय निघेल ते सांगता येत नाही. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर ते फूटभर लांब, चार-पाच डोळ्यांची पक्की काडी घेऊन तिचे दोन डोळे मातीत जाऊ द्या. कोणतं टोक खाली हे विसरायला होतं, म्हणून खालचं टोक तिरकं आणि वरचं सरळ कापा. जमीन मिळणार असेल तर जुनी वेल दीड फुटावर छाटून जाड मुळासकट नेता येते.
- मायाळू: वीतभर काड्या पाण्यात किंवा ओल्या मातीत ठेवा, आठवडा-दोन आठवड्यांत मुळं येतात. जुनी वेल नेण्याची गरजच नाही. पिकलेली जांभळी फळंही वाळवून ठेवा.
- शेवगा: तीन ते चार फूट लांब, मनगटाएवढी जाड, पक्व फांदी घ्या. सावलीत दोन-तीन दिवस ठेवून कापलेलं टोक सुकू द्या आणि तिसरा हिस्सा जमिनीत जाईल अशी लावा. पाणी साचलं तर फांदी बुडातून सडते. कुंडीत शेवगा फार काळ रमत नाही; गावची जमीन किंवा ओळखीच्यांचं आवार असेल तर फांदी तिकडे पाठवा. कोकणात जमीन असेल तर दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण रुचिरा’ ही जातही लावण्याजोगी आहे.
- हळद, आलं, सुरण: पानं पिवळी पडून आडवी झाली की कंद काढा. साधारण डिसेंबर ते फेब्रुवारीत ही वेळ येते. माती झाडून सावलीत कोरड्या जागी ठेवा आणि मे-जूनमध्ये लावा. पण ऐन श्रावणात घर सोडायचं असेल आणि पातोळ्यांसाठी हळदीची पानं हवी असतील, तर बेट न फोडता मातीसकट टबात उचला.
- गवती चहा, पुदिना, पानओवा: गवती चहाची पाती वीतभर ठेवून छाटा, बेट चार भागांत फोडा. पुदिन्याच्या जमिनीलगतच्या तुरुतुरु धावणाऱ्या मुळकाड्या आणि पानओव्याच्या काड्या कुठेही रुजतात.
- मिरची आणि वांगं: झाड वर्ष-दीड वर्षाचं, निरोगी असेल तरच हलवा. आधी निम्म्याने छाटा, फुलं-फळं सगळी काढा, आठवडाभराने मातीच्या गोळ्यासकट उचला. वांग्याचं खोड पोखरलेलं असेल तर ते सोडून द्या आणि पिकलेल्या वांग्याचं बी धरा.

केल लावली असेल तर

अलीकडे बरेच जण कुंडीत केल (kale) ही पालेभाजी लावतात आणि ती ‘बारमाही’ आहे असं वाचून जुनं झाड कसं हलवायचं ते विचारतात. थंड प्रदेशात केलीच्या काही जाती खरंच अनेक वर्षं जगतात. तिकडे जुनं झाड मुळासकट हलवतात किंवा खोडाच्या बाजूच्या फुटव्यांच्या काड्या लावतात. मुंबईत मात्र ती नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली भाजी आहे. एप्रिलच्या उन्हात ती मलूल होते, मावा पडतो आणि जून-जुलैच्या पावसात खोड सडतं. थंडीत हलवायची वेळ आली तर खालची मोठी पानं खुडून खा, शेंड्याची पाच-सहा पानं ठेवा, मातीच्या गोळ्यासकट उचला आणि खालच्या पानांच्या खुणांपर्यंत खोड मातीत जाईल असं लावा. खोडावर बाजूचे फुटवे असतील तर बोटभर लांबीचे खुडून ओल्या कोकोपीटमध्ये सावलीत लावा. उन्हाळा तोंडावर असेल तर जुनं झाड हलवण्यात श्रम घालू नका. पुढच्या ऑक्टोबरात नवं बी पेरा.

भाड्याचं घर: कुंडी, माती आणि वजन

अंगणातून तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर जाताना सगळ्यात मोठी अडचण वजनाची येते. ओल्या बागेच्या मातीचं वजन लिटरला दीड किलोच्या पुढे असतं. बारा इंच रुंद, बारा इंच खोल कुंडीत जवळपास २१ लिटर माती मावते. म्हणजे ती ३० ते ३५ किलोची होते. अठरा इंची कुंडी मातीने भरली तर शंभर किलोच्या वर जाते. ती एकट्याने उचलता येत नाही आणि ग्रिलमध्ये तर ठेवूच नये.

- मिश्रण हलकं करा. लाल माती, चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि भिजवलेलं कोकोपीट समप्रमाणात घ्या. वजन बरंच कमी होतं.
- कुंडीचा आकार झाडाप्रमाणे निवडा. पुदिना, पानओवा, मायाळूला दहा-बारा इंच; मिरची-वांग्याला बारा-चौदा; तोंडली आणि कढीपत्त्याला अखेर सोळा-अठरा. पण फुटवा सुरुवातीला आठ-दहा इंची कुंडीतच लावा. लहान रोपाला मोठी कुंडी दिली की न वापरलेली माती ओली राहते आणि मूळ कुजतं.
- गच्चीवर माती पसरू नका. राहत्या इमारतीच्या वापरात असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकात धरलेला भार चौरस मीटरला साधारण १५० किलो आहे. फूटभर ओली माती पसरली तर तोच भार ५०० किलोच्या आसपास जातो. कुंड्या सुट्या, कडेला, तुळईच्या रेषेत ठेवा. गच्ची सामाईक असते. ठेवण्याआधी त्या सोसायटीची आणि घरमालकाची लेखी परवानगी घ्या.
- रॅबिटची माती घेऊ नका. तोडकामाच्या मातीत सिमेंट आणि चुना असतो. मिठी नदीच्या काठची किंवा कारखान्यांच्या आवारातली माती खाण्याच्या भाजीला नकोच.
- ताजं शेण घालू नका. आरेतल्या तबेल्यांमुळे आपल्याकडे शेण सहज मिळतं, पण ते किमान तीन-चार महिने कुजलेलं हवं. ताज्या शेणाच्या उष्णतेने कोवळी मुळं जळतात.

उचलण्याचा दिवस

१. आदल्या संध्याकाळी भरपूर पाणी द्या. कोरडी माती मुळांवरून गळून पडते.
२. पानांचा निम्मा ते दोन तृतीयांश भार कमी करा. मुळं कमी झाली की पानंही त्या प्रमाणात कमी हवीत.
३. नवी कुंडी किंवा खड्डा आधी तयार ठेवा. मुळं उघड्यावर पडून राहता कामा नयेत.
४. संध्याकाळी किंवा ढगाळ दिवशी उचला. आधी कडेने खणा, मग खालून फावडं घाला. खोड धरून ओढू नका.
५. गोळा ओल्या गोणपाटात गुंडाळून सुतळीने बांधा.
६. गोळ्याच्या कडेची मुळं नीट पाहा. वांग्याच्या किंवा मायाळूच्या मुळांवर मण्यांसारख्या गाठी असतील तर तो सूत्रकृमींचा प्रादुर्भाव आहे. ते झाड आणि ती माती तिथेच सोडा; काडी किंवा बी तेवढं घ्या. पावसाळ्यात मातीत साबुदाण्याएवढी पिवळसर गोल अंडी पुंजक्याने दिसली तर ती मोठ्या शंखी गोगलगायीची असू शकतात. ती काढून मिठाच्या पाण्यात टाका, नाहीतर नव्या घरच्या कुंड्यांत गोगलगायी पोहोचतील.
७. टेम्पोत झाडं शेवटी चढवा आणि आधी उतरवा. उघड्या टेम्पोत वाऱ्याने पानं सुकतात. वरून ओली चादर टाका.
८. केल सोडून बाकी झाडं आधी जेवढी मातीत होती तेवढीच लावा. खोड जास्त पुरलं की बुंधा सडतो. माती दाबण्याऐवजी पाणी घालून बसवा, म्हणजे आत पोकळी राहत नाही.

पुढचे सहा आठवडे

पहिले दहा-पंधरा दिवस हिरव्या जाळीखाली किंवा सकाळचंच ऊन मिळेल अशा जागी ठेवा, मग हळूहळू उन्हात आणा. वरची इंचभर माती बोटाला कोरडी लागली की पाणी द्या. चार आठवडे कोणतंही खत घालू नका. रासायनिक तर मुळीच नाही. जखमी मुळांना खत सोसत नाही.

दुपारी पानं मलूल होऊन संध्याकाळी ताठ होत असतील तर काळजीचं कारण नाही. सकाळीही मलूल असतील तर पाणी कमी पडतंय किंवा निचरा बंद झालाय. कुंडीच्या छिद्रात काडी घालून पाहा. सगळी पानं गळली म्हणून झाड फेकू नका. नखाने साल किंचित खरवडा. खाली हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे. कढीपत्त्याला पालवी फुटायला सहा आठवडेही लागू शकतात.

पावसाळ्यात कुंडीखालची ताटली काढून टाका आणि कुंडी विटांवर ठेवा. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात आणि पालिकेचा कीटकनाशक विभाग त्याबद्दल नोटीस बजावू शकतो.

परवानगी आणि तुमचे हक्क

- कुंडीतली झाडं तुमची. ती नेण्यासाठी कोणालाही विचारायची गरज नाही.
- सामाईक जमिनीतल्या भाज्यांसाठी कार्यकारिणीला पत्र द्या. लावली तुम्ही असली तरी जमीन सोसायटीची आहे. झाडांची यादी लिहून, नेण्याची तारीख देऊन पोच घ्या. हे काम जागेचा ताबा विकासकाकडे जाण्याआधी करा. पत्रे ठोकल्यावर आत जाणं कठीण होतं. अळू, तोंडली, हळद यांना वृक्षविषयक परवानगीची गरज नाही.
- शेवगा आणि कढीपत्ता हे कायद्याने वृक्ष ठरू शकतात. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ मध्ये वृक्षाची व्याख्या बहुवर्षायू काष्ठमय वनस्पती अशी आहे. खाजगी आवारातलं झाडही त्यात येतं. वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय ते तोडू किंवा उपटू नका. मरोळ महापालिकेच्या के-पूर्व विभागात येतं. अर्ज तिथल्या उद्यान खात्याकडे, शक्यतो सोसायटीच्या लेटरहेडवर करा. झाडाचा फोटो आणि हलवण्याची जागा सोबत जोडा.
- फांद्या छाटायलाही परवानगी लागते. म्हणून शेवग्याची फांदी हवी असेल तर सोसायटीच्या पावसाळापूर्व छाटणीची वेळ साधा. परवानगी तेव्हा घेतलेलीच असते. छाटणाऱ्यांना दोन सरळ फांद्या न तुकडे करता बाजूला ठेवायला सांगा.
- विकासकाची झाडांची यादी पाहायला मागा. आवारातली किती झाडं राखणार, किती हलवणार, किती तोडणार हे प्रस्तावात दाखवावं लागतं. तुमचं झाड यादीतून सुटलं असेल तर लेखी कळवा. तोडण्याची नोटीस झाडावर लागली तर त्यात दिलेल्या मुदतीत हरकत नोंदवा. ५० वर्षं किंवा त्याहून जुना आंबा, फणस आवारात असेल तर २०२१च्या दुरुस्तीनंतर तो ‘प्राचीन वृक्ष’ म्हणून गणला जातो आणि त्याला जास्त संरक्षण आहे.
- विकास करारात एक कलम मागा. नव्या आवारात भाज्या-फुलझाडांसाठी प्रत्यक्ष जमिनीवर किती जागा राहणार आणि हलवलेल्या झाडांची निगा कोण, किती काळ राखणार, हे लिहून घ्या. असे मुद्दे विशेष सर्वसाधारण सभेत मांडून इतिवृत्तात नोंदवून घ्या. करार झाल्यावर मागितलेली गोष्ट ही फक्त विनंती ठरते.

जागाच नसेल तर

भाड्याच्या घरात दोनच कुंड्या मावत असतील तर कढीपत्त्याचा फुटवा आणि तोंडलीची काडी ठेवा. अळू आणि हळद बाजारात पुन्हा मिळतात, पण तुमच्या आवडीचं वाण मिळेलच असं नाही, म्हणून त्यांचे दोन-दोन कंद शेजाऱ्यांत वाटा. गावठाणातल्या घरांना, शाळेला, चर्चला किंवा देवळाला विचारा. आवार असलेले लोक तयार, रुजलेलं रोप आनंदाने घेतात. आरेच्या मोकळ्या जागेत नेऊन लावू नका. तिथली जमीन सरकारी आहे, काही भाग राखीव वन आहे, आणि बागेतल्या वेली तिथल्या रानात पसरणं बरं नव्हे.

वाण देताना एक अट घाला: तीन वर्षांनी नवं घर मिळालं की एक काडी परत हवी. ज्याच्याकडे दिलं त्याचं नाव, वाण आणि तारीख वहीत लिहून ठेवा. पुनर्विकास लांबला, कुंडीतलं एखादं रोप मेलं, तरी ही वही तुमच्या उपयोगी पडेल.

आता कामाला लागायचं तर आजच अंगणात जा आणि प्रत्येक झाडापुढे तीनपैकी एक शब्द लिहा: कंद, काडी की मूळ. मग ‘मूळ’ लिहिलेल्या झाडांपासून सुरुवात करा, कारण वेळ त्यांनाच सगळ्यात जास्त लागतो.